पाणवठ्यावरचे चार महिने: रानएडक्यांसाठी ट्रेल कॅमेरा

डेझर्ट बिगहॉर्न म्हणजे अमेरिकेतल्या वाळवंटी डोंगरातली रानमेंढी. तिच्या शिकारीचा टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, सोडतीत निघतो. मी दरवर्षी अर्ज करतो. नंबर लागेल तेव्हा डोंगर ओळखीचा असावा, म्हणून यंदा एप्रिल ते जुलै अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्याच्या दक्षिणेतल्या वाळवंटी डोंगरात तीन ट्रेल कॅमेरे लावले, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. दोन खिंडीत, एक पाणवठ्यावर.

खिंडीतल्या कॅमेऱ्यांनी पहिला महिनाभर झुडपंच टिपली. सेन्सर हालचाल आणि उष्णतेतला फरक, दोन्ही मिळून ओळखतो. तापलेलं झुडूप वाऱ्यानं हललं की फोटो निघतो. उलट भर दुपारी खडक जनावराच्या अंगाइतके तापले की एडका समोरून गेला तरी कॅमेरा गप्प. मी यंत्राला बोल लावत होतो. तोंड उत्तरेला केलं, वाटेला तिरपं लावलं, आजूबाजूचं गवत काढलं, तेव्हा कुठे कामाचे फोटो यायला लागले. रिचार्ज होणारे सेल उन्हात लवकर बसले. लिथियमचे शेवटपर्यंत टिकले.

पाणवठा मेपर्यंत जवळजवळ रिकामा होता. हिरवा चारा असतो तोवर मेंढ्यांचं बरंचसं पाणी त्यातूनच भागतं. जूनमध्ये ऊन चढलं तशी वर्दळ सुरू झाली. माद्या-कोकरं वेगळी, एडके वेगळे. माजाचा काळ सोडला तर ते असेच राहतात. त्यात एक थोराड एडका होता, डाव्या शिंगाचं टोक झिजलेला. दर तीन-चार दिवसांनी यायचा, बहुतेक सकाळीच. शिंगावरची वर्षाची वळी मोजून वय कळतं, पण त्यासाठी शिंग बरोबर बाजूनं दिसायला हवं. झुकवून उंचावर लावलेल्या कॅमेऱ्यात ते फसवं दिसतं, म्हणून कॅमेरा जनावराच्या खांद्याच्या उंचीवर आणला. सहाशे फोटोंतून वळी मोजण्याजोगे अकरा निघाले. अंधारात न दिसणाऱ्या फ्लॅशसाठी मी जादा पैसे मोजले, त्याची गरज नव्हती. हे जनावर मुख्यतः दिवसा वावरतं.

एक गोष्ट मनाला लागली. कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड काढायला मी दर आठवड्याला जात होतो, आणि माझ्या प्रत्येक फेरीनंतर दोन दिवस पाणवठ्याचे फोटो कोरे. पाण्यासाठी तहानलेलं जनावर माझ्यामुळे अडून राहत होतं. मग फेरी महिन्यातून एकदाच केली. नेव्हाडात १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर सार्वजनिक जमिनीवर असे कॅमेरे लावता येत नाहीत. फोनवर फोटो पाठवणाऱ्यांना १ जुलैपासूनच बंदी. शेजारच्या अ‍ॅरिझोना राज्यानं तर २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यांचा वापरच थांबवला. मला हे पटतं.

जुलैच्या मध्यावर पाऊस पडला आणि झिजल्या शिंगाचा एडका यायचा थांबला. दहा दिवस एकही फोटो नाही. तो गेलाच असं धरून चाललो होतो. कॅमेरे काढायला गेलो त्या सकाळी समोरच्या धारेवर दुर्बीण लावून तीन तास बसलो. पाणवठ्यापासून दोनेक किलोमीटरवर, कड्याखालच्या सावलीत, तो आणखी चार एडक्यांबरोबर रवंथ करत बसला होता.