मोफत फर्मवेअरचा ‘आजीवन परवाना’

घरच्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे फर्मवेअर, म्हणजे राऊटर चालवणारी मूळ प्रणाली, टाकून देतो आणि सोबत आजीवन परवानाही देतो, असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. २००४ साली सुरू झालेले हे फर्मवेअर मुक्त परवान्याखाली मिळते, प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते आणि ते वापरण्यासाठी कोणताही परवाना खरेदी करावा लागत नाही. ते बसवून देण्याची मजुरी घेणे यात गैर काहीच नाही. मात्र नागपूरच्या मानेवाड्यात राहणाऱ्या माझ्या मामांकडून सीताबर्डीच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मजुरीच्या तिप्पट रक्कम ‘परवाना शुल्क’ म्हणून घेण्यात आली.

मामांची अडचण एवढीच होती की मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नव्हते. नव्या फर्मवेअरने रेंज वाढेल आणि वेग दुप्पट होईल, असे त्यांना सांगण्यात आले. वास्तविक मधल्या जाड विटांच्या भिंती फर्मवेअर बदलल्याने पातळ होत नाहीत, आणि राऊटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर तारेने येणारा वेग त्यापुढे जाऊच शकत नाही. उलट काही चिपसेटवर (राऊटरच्या मुख्य चिपांवर) त्या चालवणारे कंपनीचे मूळ ड्रायव्हर प्रोग्राम गेल्यामुळे वेग कमी होतो. जुन्या राऊटरला सुरक्षा सुधारणा मिळत राहणे, एकाच जोडणीवर अनेकांचा वापर असताना होणारा विलंब आटोक्यात ठेवता येणे, असे या फर्मवेअरचे खरे गुण आहेत आणि मी स्वतः ते आवडीने वापरतो. म्हणूनच त्याच्या नावावर चाललेला हा व्यवहार मला अधिक संतापजनक वाटतो.

पैशांपेक्षा गंभीर गोष्ट पुढे उघड झाली. राऊटरचा पासवर्ड दुकानदाराने मामांना दिलाच नाही. ‘परवाना त्याला जोडलेला आहे’ असे कारण सांगितले. नव्याने बसवलेल्या ओपनडब्ल्यूआरटीला मुळात पासवर्डच नसतो, तो मालकाने स्वतः ठेवायचा असतो. त्यातच बँकेचे पान उघडताना ब्राउझर संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राविषयी इशारा देऊ लागला, तेव्हा मामांनी मला बोलावले.

राऊटर सुरू होत असताना त्याचे बटण दाबून मी फेलसेफ अवस्थेत, म्हणजे बिघाड दुरुस्त करण्यासाठीच्या सुरक्षित अवस्थेत, शिरलो. या अवस्थेत पासवर्ड लागत नाही. संगणकाला त्याच जाळ्यातला पत्ता स्वतः द्यावा लागतो आणि १९२.१६८.१.१ वर जोडणी होते. सेटिंगच्या फाइली उघडल्या तेव्हा डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या, जागी आमच्या इंटरनेट कंपनीशी संबंध नसलेला एक अनोळखी पत्ता होता, बाहेरून एसएसएचने (दुरून उपकरण चालवण्याच्या पद्धतीने) आत येण्याची वाट फायरवॉलमध्ये मोकळी ठेवलेली होती, आणि एसएसएच हाताळणाऱ्या ड्रॉपबेअर या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये कोणा परक्याची की, म्हणजे पासवर्डशिवाय आत येण्याची डिजिटल किल्ली, जपून ठेवलेली होती. म्हणजे मामांच्या घरातून कोणत्या संकेतस्थळाचा पत्ता विचारला तरी त्याचे उत्तर भलताच कोणीतरी देणार होता, आणि हवे तेव्हा राऊटरमध्ये शिरणार होता. हा धोका काल्पनिक नाही. डीएनएस बदलणाऱ्या डीएनएसचेंजर या घातक प्रोग्रामची टोळी २०११ साली पकडली गेली, तेव्हा त्याची लागण जगभरातील सुमारे ४० लाख संगणकांना झाल्याचे अमेरिकेच्या एफबीआयने सांगितले होते.

बदललेले फर्मवेअर स्वतःविषयी खरेच सांगेल याची खात्री नसते, त्यामुळे केवळ सेटिंग दुरुस्त करून मी थांबलो नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलची आणि त्याच हार्डवेअर आवृत्तीची मूळ फाइल घेतली आणि टीएफटीपी या जाळ्यातून फाइल पाठवण्याच्या मार्गाने बसवली. हार्डवेअर आवृत्ती राऊटरच्या तळाच्या चिठ्ठीवर छापलेली असते. ती न जुळल्यास उपकरण कायमचे बंद पडू शकते. ओपनडब्ल्यूआरटीची फाइल घेणाऱ्यांनी तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइल बदललेली नाही हे तपासण्याचा सांकेतिक आकडा) संकेतस्थळावर दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. दुकानातल्या पेनड्राइव्हवरची फाइल बसवू देऊ नये.

मामांनी बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड त्या राऊटरवरून नव्हे, तर मोबाइलच्या डेटावरून बदलले. खात्यातून रक्कम गेलेली नव्हती. गेली असती तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे लागले असते, कारण तिथे उशीर जितका कमी तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता अधिक. पावतीवर ‘परवाना शुल्क’ हे शब्द लिहिलेले असल्याने तिची प्रत जोडून ग्राहक तक्रार करता आली. त्यासाठीचा राष्ट्रीय मदतक्रमांक १९१५ आहे. तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून परत मिळालेले नाहीत.