‘सोबा दे’: स्टेशनाखालच्या नूडल्सच्या दुकानात नऊ महिने

तोक्योत तोझाई लाइनवरच्या एका स्टेशनाखाली, पुलाच्या खांबांमध्ये, उभ्याने खायचं सोबाचं दुकान आहे. खुर्ची एकही नाही. छातीएवढ्या उंचीची फळी आणि तिला टेकून दाटीवाटीने उभी आठ माणसं. जानेवारी २०२४ पासून मी आठवड्यातून तीनदा तरी इथे सकाळचं खातोय. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून नाव देत नाही. तशीही अशी दुकानं तोक्योभर आहेत आणि पद्धत सगळीकडे साधारण एकच.

दारातच तिकिटाचं मशीन. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी घ्या, फळीवर ठेवा. मग काउंटरमागच्या काकू एकच प्रश्न विचारतात, "सोबा? उदोन?" तिकीट दोन्हींना चालतं, नूडल्स कुठले ते तोंडी सांगायचं. पहिल्या दिवशी माझ्यापुढच्या माणसाने उत्तर दिलं, "सोबा दे." मी दचकून बघितलं. सुटाबुटातला अस्सल जपानी माणूस! जपानीत हा ‘दे’ म्हणजे ‘सोबाचंच करा’ अशा अर्थाचा प्रत्यय. माझी पाळी आली तेव्हा मी सरळ मराठीत म्हटलं, "सोबा दे", आणि मिनिटभरात वाडगा पुढ्यात. जपानीच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालोय, पण या वाक्यात अजून कुणी चूक काढलेली नाही. फक्त वयाने मोठ्या बाईंना अरे-तुरे केल्यासारखं वाटायचं, म्हणून सुरुवातीला मी ‘दे’च्या पुढे मनातल्या मनात ‘द्या’ जोडायचो.

सोबा कुट्टूच्या पिठाचा, उदोन गव्हाचा आणि जाड. नावाजलेल्या दुकानांत आठ भाग कुट्टू, दोन भाग गहू हे प्रमाण सांगतात. अशा स्वस्त जागी गहू बराच जास्त असतो. इथे तर आधी उकडून ठेवलेले नूडल्स गरम पाण्यात बुडवून देतात. चावायला मऊ, कुट्टूचा वास नावापुरता. तेव्हा नूडल्ससाठी यायचं असेल तर येऊ नका. यायचं ते रश्श्यासाठी. कात्सुओ हा कुप्याच्या जातीतला मासा. तो शिजवून, धुरावर सुकवून, किसून त्याचं पाणी काढतात आणि त्यात सोया सॉस. तोक्योकडचा रस्सा काळपट आणि खारट, ओसाकाकडचा फिका. ओसाकाहून आलेला माझा सहकारी वाडग्यात डोकावून नाक मुरडतो. मी कोकणातला. फळीजवळ उभं राहिलं की सुकटीच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं वाटतं, मला आणखी काय हवं!

मी घेतो काकिआगे सोबा. काकिआगे म्हणजे कांदा-गाजराची तळलेली चकती, आपल्या खेकडा भजीची जपानी मावसबहीण. ती रश्श्यावर तरंगत येते. लगेच खाल्ली तर कुरकुरीत, थांबलात तर रस्सा पिऊन फुगते, आणि यावर मिसळीतल्या फरसाणावर होतात तसेच दोन तट आहेत. मी अर्धी आधी, अर्धी नंतर. पैसे कमी असतील तर ‘तानुकी’ मागा: वरून तळणातला चुरा, वडापावच्या गाडीवर मिळतो तसाच. शिचिमी नावाचा सात जिनसांचा मसाला फळीवर असतो, तो मी लाज सोडून घेतो.

आणि भुरके मारायचे. लहानपणी ज्याबद्दल पाठीत धपाटे खाल्ले तेच इथे रीतसर. मला मात्र ते जमायला मार्च उजाडला. तोवर चाव्या-चाव्याने खायचो आणि शेजारचे तिघे येऊन जायचे.

आता तक्रारी. संध्याकाळची काकिआगे सकाळच्या घाण्यातली असावी. तेल दाताला कळतं. किंमतही चढतेय: माझा वाडगा ५२० येनवरून ५६० वर गेला. बटणावर जुन्या आकड्यावर नवा कागद चिकटवलेला, एका कोपऱ्यातून सुटलेला. जुलैच्या ३ तारखेला नव्या नोटा आल्या आणि मशीन त्या घेईना. एटीएममधून कोरी करकरीत हजाराची नोट घेऊन आलो, मशीनने ती चार वेळा बाहेर ढकलली. मागे रांग, वर गाडी लागल्याची घोषणा. शेवटी काकूंनी गल्ल्यातली जुनी नोट काढून बदलून दिली. हे दोन महिने चाललं.

शाकाहारी मंडळींनी मात्र नीट वाचा. एप्रिलमध्ये आई आली होती, माळकरी. "मांस नको" म्हटल्यावर मान डोलवतात, कारण मासा त्यांच्या हिशेबी मांसात येतोच असं नाही. मी रश्श्याचं विचारलं तेव्हा काकूंनी दोन्ही हातांची फुली करून दाखवली. साधा सोबा, वरचं काही न घालता? तोही याच रश्श्यात. आई बाहेर उभी राहून माझं संपेपर्यंत गाड्या मोजत होती. ज्यांना कुट्टूची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी इथला उदोनही घेऊ नये. दोन्ही एकाच पातेल्यात बुडतात.

बाकी वाडगा स्वतः परत नेऊन ठेवायचा, फळी पुसायची, टिप द्यायची नाही. गप्पांची अपेक्षा ठेवू नका. फेब्रुवारीत मी आठवडाभर आजारी होतो. परत आलो तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत, पण पातीचा कांदा नेहमीपेक्षा मूठभर जास्त होता. कदाचित त्या दिवशी सगळ्यांनाच तसा असेल.

पाचपैकी साडेतीन देतो. सप्टेंबरपर्यंत चार देणार होतो. त्या महिन्यात नवं मशीन बसलं, पडद्याचं. नव्या नोटा घेतं, कार्ड घेतं, इंग्रजीतही दिसतं. सोबा की उदोन हेही पडद्यावरच निवडायचं, चिठ्ठीवर छापून येतं. त्यामुळे काकू आता काही विचारत नाहीत. मी सवयीने चिठ्ठी ठेवताना म्हणतो, "सोबा दे." त्या चिठ्ठी वाचतात आणि म्हणतात, "हाय (म्हणजे हो), उदोन." पडद्यावर माझं बोट पुन्हा चुकीच्या चित्रावर पडलेलं असतं.