डेअरडेव्हिल : आगाऊ माफी मागणारा सुपरहिरो

आमच्या वसईत रविवारची मिस्सा संपली की मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो. नववीचा वर्ग एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. आठवडाभर बँकेच्या काउंटरवर लोकांची बोलणी खायची आणि रविवारी या पोरांची, असा माझा क्रम. मागच्या वर्षी उपवासकाळाच्या (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आधी एका मुलाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर सुपरमॅन अंतराळात हात पसरून तरंगत होता. "सर, हा येशूच आहे की नाही?" वर्ग एकदम जागा झाला. मीही खूश झालो, आयताच विषय मिळाला म्हणून. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण सर, शेवटी तो त्या खलनायक झॉडची मान मोडतो. येशू कुठे कोणाची मान मोडतो?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घंटा झाली म्हणून वाचलो. बाहेर पडताना तीच मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही डेअरडेव्हिल बघा. त्यात फादर आहेत." उपवासकाळात मी मटण सोडतो, गोड सोडतो, वेब सिरीज सोडायची असा काही नियम नाही. चाळीस दिवसांत तीन सीझनचे एकोणचाळीस भाग बघून झाले. हा रिव्ह्यू त्याचाच. कथेतल्या गोष्टी फुटणार आहेत, आधीच सांगतो.

आधी त्या सुपरमॅनचा हिशेब मिटवतो. 2013चा 'मॅन ऑफ स्टील' पुन्हा लावून बघितला. खुणांची नुसती रेलचेल आहे. नायक सांगतो की पृथ्वीवर येऊन तेहतीस वर्षं झाली, म्हणजे येशू क्रूसावर गेला तेव्हाचं मानलं जाणारं वय. शत्रूच्या स्वाधीन व्हावं की नाही हे विचारायला तो चर्चमध्ये जातो, तर त्याच्या मागच्या रंगीत काचेवर अटकेआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारा येशू. तो फोटोतला क्रूसही आहेच. स्टुडिओने अमेरिकेतल्या पाद्र्यांना या सिनेमावर प्रवचनाची टिपणंसुद्धा पाठवली होती म्हणे, आणि ते खरं आहे. (गंमत म्हणजे सुपरमॅन 1938 साली ज्यांनी जन्माला घातला ते जेरी सीगल आणि जो शुस्टर दोघेही ज्यू. टोपलीत सोडलेलं बाळ म्हटलं की मला तरी आधी ज्यूंचा मोशेच आठवतो.) एवढं सगळं करून शेवटी मान मोडली जाते. नायक किंकाळी फोडतो, गुडघ्यावर बसतो, तिथपर्यंत ठीक. पण लगेच पुढच्या प्रसंगात स्वारी लष्कराचं ड्रोन पाडून जनरलशी गप्पा मारते आहे. त्या मानेचं ओझं कुठे गेलं? काचेवर येशू रंगवला, पण माणसाच्या मनात त्याला जागाच ठेवली नाही.

आता डेअरडेव्हिल. 'सैतानाचं नाव असलेलं काय बघतोस?' हा आईचा पहिला प्रश्न. नाव तसंच आहे खरं. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या वस्तीतला मॅट मर्डॉक हा आंधळा वकील. लहानपणी अपघातात डोळे गेले, पण बाकीची इंद्रियं विलक्षण तीक्ष्ण झाली. दिवसा कोर्ट, रात्री तोंडावर फडकं बांधून गुंडांना बदडणं. आणि हा पठ्ठ्या कॅथलिक. दाखवण्यापुरता नव्हे, चांगला मुरलेला कॅथलिक.

एप्रिल 2015मध्ये आलेल्या पहिल्याच भागात, अपघाताचा प्रसंग संपतो न संपतो तोच तो कबुलीपेटीत बसलेला दिसतो. माझी आजी ज्याला कुमसार म्हणायची ते. अंधार, मधे जाळी, पलीकडे फादर लँटम. मॅट वडिलांबद्दल बोलत राहतो. मुष्टियोद्धा होते, मार खायचे, पण कधीतरी अंगात काहीतरी संचारायचं. त्याची आजी म्हणायची, मर्डॉकांच्या पोरांपासून जपून राहा, त्यांच्यात सैतान आहे. फादर ऐकून घेतात आणि मुद्द्यावर ये म्हणून सुचवतात. मग तो म्हणतो की केलेल्या पापाची नाही, आता जे करायला निघालोय त्याची माफी हवी आहे. फादर शांतपणे सांगतात, हे असं चालत नाही.

मी इथे थांबवलं आणि मागे नेऊन परत बघितलं. एकोणीस वर्षं मी मुलांना शिकवतोय की पापांची क्षमा मागताना या गोष्टी हव्यातच : झाल्याचा पश्चात्ताप, फादरांपुढे कबुली आणि पुन्हा न करण्याचा निर्धार. हा गडी निर्धारच उलटा घेऊन आलाय! आणि लिहिणाऱ्याला हे ठाऊक आहे, म्हणून तर फादरांच्या तोंडी ते एक वाक्य आलं. कपड्यावर क्रूस शिवायला अक्कल लागत नाही. पण संस्काराचा नियम माहीत असणं, तो मोडू पाहणाऱ्या माणसाला नायक करणं आणि त्याला सूट न देणं, याला लागते. पुढे हेच फादर त्याला नव्या मशिनची लाटे कॉफी पाजतात, तेव्हा तर मला ते आमच्या धर्मग्रामातलेच (आमच्या चर्चचेच) वाटायला लागले. पीटर मॅकरॉबी यांनी ही भूमिका केली आहे. पडद्यावरचे पाद्री एकतर थोर संत असतात नाहीतर ढोंगी. हे थकलेले, थोडे खवचट आणि कामात चोख आहेत.

मॅटचा नियम एकच : जीव घ्यायचा नाही. आमच्या क्रमाने दहा आज्ञांतली पाचवी. आणि इथेच माझं पहिलं भांडण आहे. दुसऱ्याच भागात तो एका रशियन गुंडाला गच्चीवर बांधतो, डोळ्याजवळ सुरी खुपसून माहिती काढतो आणि वरून खाली कचऱ्याच्या पेटीत ढकलून देतो. माणूस मरत नाही, कोमात जातो. म्हणजे आज्ञा पाळली? हे म्हणजे श्रावण पाळायचा म्हणून मटण बाजूला सारून रस्सा ओरपण्यासारखं झालं. मालिका कधीकधी स्वतः हा प्रश्न विचारते, पण कधीकधी मारामारी इतकी देखणी चित्रित होते की तिला प्रश्नाचा विसर पडतो. त्याच दुसऱ्या भागातला चिंचोळ्या बोळकांडीतला प्रसंग मात्र वेगळा. एकाच दमात घेतल्यासारखा, आणि नायक धापा टाकतोय, भिंतीला टेकतोय, पडतोय. एका लहान मुलाला सोडवायला गेलाय. मार देणाऱ्यालाही मार लागतो, हे तिथे अंगावर येतं.

दुसऱ्या सीझनमध्ये (2016) हाच प्रश्न पनिशर, म्हणजे गुंडांना सरळ ठार मारणारा दुसरा एक बहाद्दर, उलटा विचारतो. मॅटला गच्चीवर साखळदंडाने बांधून हातात पिस्तूल चिकटवून देतो आणि म्हणतो, तू मारतोस ते पुन्हा उठतात, मी मारतो ते उठत नाहीत. जॉन बर्नथालने हे इतकं पटेल असं म्हटलंय की माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबरच बोलतोय की तो!" तिला कशाला नावं ठेवू, माझंही डोकं क्षणभर हललं. त्यानंतर एका भुरट्या गुंडाच्या अंत्यविधीला चर्चमध्ये जेमतेम तिघं-चौघं हजर असतात, आणि फादर सांगतात की एक माणूस म्हणजे एकटा माणूस नसतो, त्याच्यापासून कितीतरी धागे पसरलेले असतात. पनिशरला उत्तर इथे आहे, गच्चीवर नाही. पुढचा अर्धा सीझन निन्जा, जमिनीतलं अवाढव्य भोक आणि प्राचीन भविष्यवाण्या यांत गेला. तो मी इस्त्री करता करता बघितला, काही बिघडलं नाही.

पण मला या मालिकेचं ऋण मानायचंय ते खलनायकासाठी. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग. विल्सन फिस्क पकडला गेलाय, बेड्या घालून गाडीतून नेतायत, समोर शिपाई. हा धिप्पाड माणूस शब्द चाचपत, अडखळत बोलू लागतो. मी धार्मिक नाही म्हणतो, पण थोडंफार वाचलंय. आणि चक्क चांगल्या शोमरोनीचा दाखला सांगतो. येरुशलेमहून यरीहोला निघालेला वाटसरू, त्याला लुटारूंनी झोडपलं, याजक बघून पुढे गेला, लेवी (मंदिरातला सेवक) बघून पुढे गेला, आणि ज्याला सगळे परका समजत त्या शोमरोन्याने जखमा बांधल्या. फिस्क म्हणतो, मला कायम वाटायचं की या गोष्टीतला शोमरोनी मी आहे, कारण या शहरावर माझं प्रेम आहे. आज कळलं की मी शोमरोनी नाही, याजक नाही, लेवीही नाही. वाटसरूवर चालून आलेली ती दुष्ट बुद्धी म्हणजे मी.

दरवर्षी मी हा दाखला शिकवतो आणि मुलांना विचारतो, यात तुम्ही कोण? हुशार मुलं शोमरोनी म्हणतात. प्रामाणिक मुलं खाली मान घालून याजक म्हणतात, कारण स्टेशनवर पडलेल्या माणसाला ओलांडून तीही विरारची फास्ट पकडतात. मीही पकडतो. पण एकोणीस वर्षांत एकाही मुलाने 'सर, मी लुटारू' म्हटलेलं नाही. मलाही कधी विचारायचं सुचलं नाही. व्हिन्सेंट डोनोफ्रिओच्या त्या दबक्या आवाजाने माझ्या तासातलं भोक दाखवलं. हा दाखला ज्यात आहे तो लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय मला वाटतं मी पाठ म्हणू शकतो, पण लुटारूंचं काय झालं हे येशू सांगतच नाही, हे त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं.

तिसरा सीझन (2018) सगळ्यांत घट्ट आहे. पहिल्या भागाचं नावच 'पुनरुत्थान'. ढिगाऱ्यातून वाचलेला मॅट चर्चच्या तळघरात पडून आहे, अंगाने आणि श्रद्धेनेही मोडलेला. सिस्टर मॅगी त्याची शुश्रूषा करते. बंद झालेला कान उघडतो तो चक्क जलनेतीच्या भांड्याने, यावर आमच्याकडे भरपूर हसणं झालं. मॅट बायबलमधल्या ईयोबाला भेकड म्हणतो : पोरंबाळं, गुरंढोरं गेली तरी देवाची स्तुती करत बसला! आई हे ऐकून उठून गेली. मला मात्र हा राग खरा वाटला. रागावण्यासाठी समोर कोणीतरी आहे हे मानावं लागतं, नास्तिकाला ती सोय नाही. सिस्टर त्याची कोण लागते हे मी सांगत नाही. या सीझनला आधार असलेली फ्रँक मिलर आणि डेव्हिड मात्सुकेली यांची 1986ची कॉमिक्स ज्यांनी वाचली आहेत त्यांना माहीतच आहे. शेवटी फिस्क पायाशी पडलेला असतो, मूठ उगारलेली असते, आणि मॅट ओरडतो की देव जाणे मला किती मारायचंय, पण मी कोण आहे हे तुला नष्ट करू देणार नाही. सुपरमॅनच्या त्या मानेपुढे ही थांबलेली मूठ ठेवून बघा.

फादर लँटमच्या अंत्यविधीला मॅट बोलतो ते भाषणही सुरेख आहे. लहानपणी त्याने विचारलेलं, देवाने मला आंधळं का केलं? फादर म्हणाले होते, देवाची योजना म्हणजे विणलेला सुंदर पडदा, आपल्या नशिबी फक्त मागची बाजू, लोंबणारे धागे आणि मळके रंग. माझे डोळे भरून आले. बायको उठली, कपाटातून येवल्याहून आणलेली पैठणी काढली आणि पदर उलटा करून माझ्यासमोर धरला. "बघा. अस्सल असली की दोन्हीकडून सारखीच दिसते." आता यावर फादर लँटम काय बोलले असते कोण जाणे.

2025मध्ये 'बॉर्न अगेन' नावाने मालिका परत आली. त्या पहिल्या नऊ भागांत कलाकार तेच, मारामारी आणखी करकरीत, पण ती जाळीपलीकडची सावली नाही. मी बघितली, पुन्हा बघणार नाही.

बघणाऱ्यांसाठी सूचना : लहान मुलांबरोबर अजिबात नको. पहिल्या सीझनमध्येच गाडीच्या दाराने डोकं चिरडण्याचा प्रसंग आहे, जेवताना तर मुळीच लावू नका. पहिला आणि तिसरा सीझन पूर्ण बघा, दुसऱ्याचे पहिले चार भाग बघून उरलेले इस्त्रीसाठी ठेवा. आवाज हेडफोनवर ऐका, आंधळ्या माणसाचं जग त्यांनी कानानेच रंगवलंय.

ईस्टरनंतरच्या पहिल्या तासाला मी वर्गात सांगून टाकलं की बघितली बुवा तुमची मालिका. मागच्या बाकावरच्या मुलीने लगेच हात वर केला. "मग सर, तो कोमातला रशियन? त्याची कबुली मॅटने फादरांना दिली का?" मी तो भाग परत बघून येतो म्हटलंय.