नॉपिक्स की उबुंटू? सीडीच्या जमान्यातलं आपलं पहिलं लिनक्स

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम; नॉपिक्स आणि उबुंटू ही तिचीच दोन रूपं. नॉपिक्समध्ये इन्स्टॉल करायची भानगडच नव्हती. क्लाउस नॉपर यांची डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली ही सिस्टीम थेट सीडीवरून चालायची. घरच्यांच्या विंडोजला धक्का नाही. पण साधा मेनू उघडला तरी ड्राइव्ह घरघरायचा आणि आपण वाट बघत बसायचं.

उबुंटू 2004 मध्ये आलं, तपकिरी रंगात. मागणी नोंदवली की सीडी पोस्टाने फुकट घरी यायची (2011 मध्ये ही सोय बंद झाली), आजच्या पोरांना हे पटायचं नाही! मात्र पार्टिशन करताना, म्हणजे हार्ड डिस्कचे भाग पाडताना, धाकधूक व्हायची, आणि एमपी3 ऐकायला कोडेक (ती फाइल वाजवणारं छोटं सॉफ्टवेअर) वेगळे टाकावे लागत.

शिकायला उबुंटूच बरं. पण बंद पडलेल्या विंडोजमधून लग्नाचे फोटो वाचवायचे असले, की मी नॉपिक्सचीच सीडी काढायचो.