पासवर्ड बदलले, तरी ऑर्डरी फुटतच राहिल्या

"काका, तुमची पाच डझनाची पेटी ट्रान्सपोर्टला अडकलीय. साडेतीनशे रुपये बाकी दिसतायत. क्यूआर पाठवतो, तेवढे टाका, संध्याकाळी पेटी घरपोच." आंब्याच्या हंगामात असा फोन आला तर कोण संशय घेणार? बोलणाऱ्याला नाव माहीत, सोसायटीचा पत्ता माहीत, पेटी पाच डझनांची आहे हेसुद्धा माहीत. देवगडच्या आमच्या बागेतून वेबसाइटवर हापूस मागवणाऱ्या पुण्या-डोंबिवलीच्या गिऱ्हाइकांना हे फोन येत होते. रक्कम मुद्दाम लहान, त्यामुळे पाच जणांपैकी चार जण वाद न घालता देऊन टाकत. शिव्या मात्र आम्हाला पडत.

वेबसाइट एका ओळखीच्या माणसाने करून दिली होती. नाव घेत नाही, तक्रार चालू आहे. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आमच्या कार्डावर घेतलेलं, पण डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याने स्वतःच्या नावावर नोंदवलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ताई, ते टेक्निकल असतं, माझ्यावर सोडा." पुढच्या वर्षी देखभालीचे दर दुप्पट झाले तेव्हा आम्ही काम थांबवलं. त्याने कुरकुरत सीपॅनेलचं (होस्टिंग चालवायचं पान) आणि वर्डप्रेसचं (साइट ज्यावर बांधलीय ते सॉफ्टवेअर) लॉगिन दिलं, "सगळं दिलंय, आता माझा काही संबंध नाही" असा मेसेजही टाकला. तो मेसेज आज आमच्याकडच्या पुराव्यांत सगळ्यात वर आहे.

सर्व्हर सांभाळण्याचंच काम करणारा माझा भाचा पुण्याला असतो. फोन सुरू झाल्यावर त्याने आधी सीपॅनेलचा पासवर्ड बदलला, मग वर्डप्रेसच्या अॅडमिनचा. ईमेलच्या विभागात त्याला एक फॉरवर्डर सापडला. नव्या ऑर्डरीची प्रत्येक मेल गुपचूप एका जीमेल पत्त्यावर जात होती. तो काढल्यावर फोन थांबले आणि आम्ही निःश्वास सोडला. ऐन मे महिन्यात फोन पुन्हा सुरू झाले.

तेव्हा भाच्याने सापळा लावला. "आत्या, तुझ्याकडे जादा सिम आहे ना?" त्या नंबरावर, जगात कुठेच नसलेल्या नावाने, त्याने एक ऑर्डर टाकली. त्याआधी ऑर्डरच्या मेल पाठवणं साइटवरूनच बंद केलं. म्हणजे ही माहिती मेलमधून फुटणं शक्य नव्हतं, ती फक्त डेटाबेसमध्ये, म्हणजे साइटच्या सगळ्या नोंदींच्या कोठारात, होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सिम वाजलं. पलीकडचा त्याच खोट्या नावाने अदबीने बोलत होता आणि क्यूआर पाठवू का विचारत होता.

आता मूळ गोष्ट. होस्टिंगवर एकच कुलूप असतं असं आपल्याला वाटतं आणि फसवणारा नेमका त्यावरच जगतो. सीपॅनेलचं लॉगिन वेगळं, वर्डप्रेसचं वेगळं, आपण बनवलेल्या एफटीपी (फाइली चढवण्या-उतरवण्याच्या) खात्यांची वेगळी, आणि डेटाबेसचा तर स्वतःचा युजर असतो, त्याचा स्वतःचा पासवर्ड. वेबसाइट डेटाबेसशी बोलते ती या युजरच्या नावाने. तो पासवर्ड डब्ल्यूपी-कॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. सीपॅनेलचा पासवर्ड बदलला म्हणून तो बदलत नाही. वर्डप्रेसचा बदलला तरी नाही. ज्याने साइट उभी केली त्याच्या वहीत तो असणारच. पुढचं दार बदलून मागीलदारची किल्ली त्याच्याकडेच ठेवावी, तसा हा प्रकार.

एरवी नुसत्या पासवर्डवर बाहेरून डेटाबेसला हात लावता येत नाही, कारण मायएसक्यूएल या डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला युजर कुठून जोडायचा हेही ठरलेलं असतं. बहुतेक होस्टिंगवर फक्त त्याच सर्व्हरवरून, म्हणजे लोकलहोस्टवरून, परवानगी असते. पण सीपॅनेलमध्ये रिमोट मायएसक्यूएल नावाचं एक पान आहे (नव्या आवृत्तीत त्याला रिमोट डेटाबेस अॅक्सेस म्हणतात). भाच्याने ते उघडून मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. परवानगी असलेल्या ठिकाणांची यादी, आणि त्या यादीत एकच चिन्ह: %. मी म्हटलं, हे काय टक्के? तो म्हणाला, "याचा अर्थ कुठूनही. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून 3306 या पोर्टवर, म्हणजे डेटाबेसच्या दारावर, यायचं, युजर-पासवर्ड टाकायचा, आणि टेबलं वाचायची." होस्टिंग कंपनीने ते पोर्ट बाहेरून बंद ठेवलं असेल तर हे चालत नाही. आमच्या कंपनीने ते उघडंच ठेवलं होतं.

त्याखाली, डेटाबेसच्या युजरांच्या पानावर, दोन नावं होती. एक साइटचा युजर. दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी बीकेपी, म्हणजे बॅकअप. त्याला डेटाबेसवरचे सगळे अधिकार दिलेले: वाचणं, लिहिणं, पुसणं, सगळंच. बॅकअप घ्यायला वाचण्याचा अधिकार आणि टेबल लॉक करण्यासारखी एखाद-दुसरी परवानगी भागते. लिहिण्याचा अधिकार कशाला? तर असा अधिकार असलेला माणूस युजर्स आणि युजरमेटा या टेबलांत स्वतःच्या ओळी घालून अॅडमिन होऊ शकतो. पासवर्डच्या रकान्यात साधा एमडी5 हॅश (पासवर्डचं जुन्या पद्धतीचं सांकेतिक रूप) टाकला तरी वर्डप्रेस तो स्वीकारतं. म्हणजे अॅडमिनचा पासवर्ड आम्ही रोज बदलला असता तरी त्याचं काही अडलं नसतं.

वेबसाइट करून देणाऱ्याला मी फोन केला. "ताई, ते तुमच्याच सोयीसाठी होतं, बॅकअप घेत होतो." मी म्हटलं, "संबंध संपला असं तूच लिहिलंस ना? मग बॅकअप कुणाचा घेत होतास?" त्याने फोन ठेवला. पेट्यांच्या नावाने पैसे मागणारा तोच होता असं मी लिहीत नाही. त्याने ही यादी कुणाला विकली असेल, दिली असेल, ते पोलिसांनी शोधायचं. दार मात्र त्यानेच उघडं ठेवलं होतं.

बंद करताना क्रम महत्त्वाचा ठरला. आधी भाच्याने डेटाबेसची पूर्ण प्रत आणि त्या दोन्ही पानांचे तारखेसह स्क्रीनशॉट घेतले. पुसून टाकलं की पुरावाही जातो. मग रिमोटच्या यादीतलं % काढलं, बीकेपी आणि साइटचा जुना असे दोन्ही युजर काढून टाकले, साइटसाठी नवा युजर बनवला आणि त्याला फक्त त्याच डेटाबेसपुरते अधिकार दिले. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये नवं नाव-पासवर्ड घालेपर्यंत साइटवर डेटाबेसशी संपर्क होत नसल्याचा संदेश झळकत होता. हे काम रात्री करा, घाबरू नका. त्याच फाइलमधल्या आठ गुप्त किल्ल्या बदलल्या की आधीपासून लॉगिन होऊन बसलेले सगळे बाहेर फेकले जातात.

आणखी दोन भोकं होती, जी मला तरी कुणी सांगितली नसती. वर्डप्रेसमध्ये 5.6 या आवृत्तीपासून अॅप्लिकेशन पासवर्ड (बाहेरच्या अॅपना आत येण्यासाठीचे वेगळे पासवर्ड) असतात. मुख्य पासवर्ड बदलला तरी ते तसेच चालू राहतात, प्रोफाइलच्या पानाच्या तळाशी जाऊन रद्द करावे लागतात. दुसरं, वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवर दुकान चालवणारं प्लगइन) प्रगत सेटिंगमध्ये रेस्ट एपीआयच्या किल्ल्या, ज्यांनी दुसरे प्रोग्राम साइटची माहिती घेतात. तिथे वाचण्याच्या परवानगीची एक जुनी किल्ली आमच्या नकळत पडून होती आणि तेवढ्यावर ऑर्डरींची अख्खी यादी मिळते. पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) किल्ल्याही डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलातच असतात, म्हणून गेटवेच्या खात्यात जाऊन त्याही नव्याने काढल्या.

तक्रारीचं सांगते. पैसे गिऱ्हाइकांचे गेले, म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्यांनी स्वतः फोन करायचा, आणि लगेच करायचा. रक्कम पुढे सरकण्याआधी थोपवता आली तरच उपयोग. आम्ही आमच्या नावाने राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर वेगळी तक्रार टाकली. परवानगीशिवाय डेटा उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये बसतं, आणि ते लबाडीने केलं असेल तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस चौकीत "वेबसाइट हॅक झाली" एवढंच सांगितलं की समोरचा माणूस सुस्कारा टाकतो. स्क्रीनशॉट, तो मेसेज आणि सापळ्याच्या ऑर्डरीची वेळ एका कागदावर नेली तेव्हा लिहून घेतलं.

होस्टिंग कंपनीला लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं याच्या नोंदी, मागितले. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे असतात, म्हणून ते जपून ठेवा असं लेखी कळवलं. त्यांनी सीपॅनेलच्या लॉगिनचे आयपी पत्ते (कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आले ते आकडे) दिले. डेटाबेसमध्ये कोणी काय वाचलं याची नोंद शेअर्ड सर्व्हरवर (अनेकांच्या साइट एकत्र असलेल्या) सहसा चालूच नसते, आमच्याकडेही नव्हती. म्हणून सापळ्याची ऑर्डर एवढी मोलाची ठरली.

डोमेन अजून त्याच्याच नावावर आहे, आणि डोमेन ज्याच्या हातात तो मेल आणि साइट दोन्ही दुसरीकडे वळवू शकतो. सोडायला त्याने जी रक्कम सांगितली ती ऐकून माझा नवरा हसलाच. .इन डोमेनचा वाद ती डोमेनं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या धोरणाखाली नेता येतो, पण त्यासाठी नावावरचा किंवा ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो, आणि आमच्या बागेचं नाव आम्ही कधी नोंदवलेलं नाही. शेवटी नवं डोमेन नवऱ्याच्या नावाने घेतलं, पेट्यांवरचे स्टिकर बदलले, आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन करून नवा पत्ता सांगितला. त्यातल्या निम्म्यांनी आधी मीच फसवणारी आहे असं समजून फोन कापला.