‘साभार’ लिहिले म्हणजे परवानगी मिळत नाही : नाशिकच्या शरणपूर रोडवरील एका वकिली सल्ल्याचा अनुभव

गेली नऊ वर्षे मी निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्ष व कांदा उत्पादकांसाठी एक ब्लॉग लिहितो. गेल्या पावसाळ्यात मला स्पीड पोस्टाने नोटीस आली. एका वृत्तपत्राचा मजकूर मी परवानगीवाचून वापरला, म्हणून सात दिवसांत 1,80,000 रुपये भरावेत, अन्यथा दिवाणी दावा आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली फौजदारी कारवाई होईल, असे तीत म्हटले होते. नोटीस वृत्तपत्राची नव्हती. त्याचे हक्क आपल्याकडे असल्याचे सांगणाऱ्या एका कंपनीची होती. ओळखीच्या एका मुद्रकाने शरणपूर रोडवरील ज्या वकील मॅडमकडे पाठवले, त्यांच्या सेवेविषयी हे लिहीत आहे, कारण अशी नोटीस हाती आल्यावर माणूस एकतर घाबरून पैसे भरतो किंवा रागाच्या भरात उत्तर लिहितो, आणि त्या दोन्हींपासून मला त्यांनी वाचवले.

पहिल्या भेटीत त्यांनी कायद्याचे पुस्तक उघडलेच नाही. माझ्या तीन नोंदी आणि वृत्तपत्रातील मूळ बातम्या यांच्या छापील प्रती टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, एका हातात फूटपट्टी आणि दुसऱ्या हातात पिवळे मार्कर घेतले आणि ओळीमागून ओळ ताडून पाहिली. गारपिटीने द्राक्षमणी तडकल्याची पहिली बातमी रंगवून झाली तेव्हा माझे संपूर्ण पान पिवळे झाले होते. खाली ‘साभार’ आणि वृत्तपत्राचे नाव एवढेच पांढरे राहिले होते. “साभार म्हणजे आभार मानले, परवानगी घेतली असे नव्हे,” हे त्यांनी शांतपणे सांगितले आणि ही नोंद त्याच दिवशी काढून टाकायला लावली. त्याच बातमीतील छायाचित्र ही स्वतंत्र कलाकृती असून तिचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे टिकतो, हेही मला तेव्हाच कळले.

दुसऱ्या नोंदीत डिसेंबर 2023 मधील कांदा निर्यातबंदीवरच्या लेखातील चार ओळी उद्धृत करून त्यांवर मी दोन पाने टीका केली होती. कलम 52(1)(क) टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी न्याय्य वापराची मुभा देते, म्हणून ती नोंद ठेवावी, असे मॅडमचे मत पडले. तिसऱ्या नोंदीत लासलगाव बाजार समितीचे भाव होते. ते मी बातमीतून घेतले असले तरी मांडणी आणि वाक्ये माझी होती. भाव ही वस्तुस्थिती आहे आणि वस्तुस्थितीवर कोणाचा कॉपीराइट नसतो, 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयानेही हेच धोरण ठेवले आहे, असे त्यांनी समजावले. वृत्तपत्रांना चालू विषयांवरील लेख पुन्हा छापण्याची जी वेगळी सवलत कायद्यात आहे, तिचा आधार घ्यावा असे मी सुचवले होते. ती सवलत नियतकालिकांसाठी आहे आणि मूळ लेखकाने हक्क राखून ठेवले असतील तर लागू होत नाही, म्हणून तिच्यावर बचाव उभा करू नका, असे त्या स्पष्ट म्हणाल्या. अशिलाला आवडेल तेच सांगणारे वकील पुष्कळ असतात; मला हा नकारच सर्वांत मोलाचा वाटला.

फौजदारी धमकी पोकळ आहे, असे खोटे आश्वासनही त्यांनी दिले नाही. कलम 63 खाली किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला आहे, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. त्यानंतर अमेरिकेतील राइटहेवन कंपनीचा दाखला दिला. लास वेगासमधील या कंपनीने 2010 पासून वृत्तपत्रांतील मजकूर वापरणाऱ्या ब्लॉगलेखकांवर आणि संकेतस्थळांवर दोनशेहून अधिक दावे लावले होते, आणि अनेकांनी खटल्याच्या खर्चाच्या भीतीने तडजोड केली. पुढे 2011 मध्ये करार उघड झाले तेव्हा दिसले, की लेखांवरील खरा ताबा वृत्तपत्राने स्वतःकडेच ठेवला होता आणि कंपनीला दिला होता तो केवळ दावा लावण्याचा अधिकार. एवढ्यावर दावा चालत नाही, असे न्यायालयांनी ठरवले आणि 2013 मध्ये अपिलातही तेच कायम झाले. आपल्याकडे कलम 19 प्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी, सहीचे आणि कोणती कृती, कोणते हक्क हे नमूद करणारे असावे लागते. म्हणून आमच्या उत्तरात पहिली मागणी त्या करारपत्राच्या प्रतीची होती. निराधार धमक्यांविरुद्ध कलम 60 खाली दाद मागता येते, याची जाणीवही एका वाक्यात करून दिली होती.

उत्तर पाठवून अडीच महिने झाले. करारपत्र आलेले नाही, समन्सही आलेले नाही. अशा दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळे फाईल जपून ठेवण्यास मला सांगितले आहे, आणि मी निश्चिंत झालो आहे असे म्हणणार नाही.

दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. उत्तराचा मसुदा इंग्रजीत होता; मराठी प्रत मी मागितल्यावर चार दिवसांनी मिळाली, आणि ज्याच्या सहीने कागद जातो त्याला तो स्वतःच्या भाषेत आधी वाचता यायला हवा. दुसरे असे, की पावतीवर सल्ला आणि मसुदा यांची फी एकत्र लिहिलेली होती. ती वेगळी असती तर पुढे हिशेब सोपा गेला असता. एकूण 6,500 रुपये लागले, आणि मिळालेल्या कामाच्या मानाने ते मला जास्त वाटले नाहीत.

जाणाऱ्याने नोंदींच्या तारखेसह छापील प्रती, मूळ बातमीचे पान आणि नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट, या तीन गोष्टी बरोबर न्याव्यात. सात दिवसांची मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची, हे पाकिटावरच्या शिक्क्यावरून ठरते. मी पाकीट घरी विसरलो होतो, ते आणायला मुलाला पंचवटीपर्यंत परत जावे लागले आणि तोवर मॅडमनी माझ्यासाठी पुढच्या दोन भेटी मागे ढकलल्या.