गेटवरची पार्सल पेटी आणि कॅमेरा : मे महिन्यापासून संक्रांतीपर्यंतच्या वापराचा अनुभव

भाग्यनगरातल्या आमच्या घराच्या गेटशी गेल्या मे महिन्यात एक लोखंडी पार्सल पेटी बसवली आणि तिच्यावर नजर राहील असा एक वाय-फाय कॅमेरा व्हरांड्याच्या कोपऱ्यात लावला. त्यानंतर बेळगावचा पूर्ण पावसाळा, गणपती, दिवाळीची खरेदी आणि संक्रांत असे सगळे ऋतू आणि सण या दोन्ही वस्तूंनी पाहिले आहेत, त्यामुळे आता त्यांच्याविषयी सविस्तर लिहिता येईल. पेटीला पावडर कोटिंग आणि बसवण्याची मजुरी धरून सहा हजारांच्या आत खर्च आला आणि कॅमेरा मेमरी कार्डासह साधारण तीन हजारांना पडला.

आम्ही दोघेही नोकरीला आणि मुलगा कॉलेजात, त्यामुळे दुपारी घराला कुलूप असते. व्हरांड्यात ठेवलेली पार्सले नाहीशी होण्याचे प्रकार आमच्याकडे घडले होते. एकदा मुलाचे बूट गेले आणि नंतर मिक्सरचे भांडे. अशा वस्तूंच्या चोरीत पोलिसांकडून फार अपेक्षा का ठेवता येत नाही, याचे कारण कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी ३०३ वे कलम आहे, आणि गेलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत. घरपोच येणारी बहुतेक पार्सले याच किमतीच्या आतली असतात. राहत्या इमारतीतून झालेल्या चोरीसाठी ३०५ वे कलम वेगळे आहे आणि त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, म्हणून तक्रार लिहिताना पार्सल गेटबाहेर पडले होते की व्हरांड्यात दाराला टेकवून ठेवले होते हे नेमके लिहावे, असे मला एका परिचित वकिलांनी सांगितले. सल्ला योग्य आहे. पण ‘पार्सल व्हरांड्यात होते’ हे सिद्ध कशाने करायचे, हा प्रश्न राहतोच.

ऑनलाइन मिळणाऱ्या तयार पेट्या आधी पाहिल्या. त्यातल्या बऱ्याच पत्रपेटीपेक्षा थोड्याच मोठ्या होत्या, पत्रा हाताने दाबला तर आत जाईल इतका पातळ होता, आणि ज्या मोठ्या होत्या त्यांना आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक कुलूप होते. आकडी कुलपाची अडचण अशी की, तो क्रमांक डिलिव्हरीच्या सूचनेत लिहावा लागतो, आणि मग महिन्याभरात तो त्या भागात फिरणाऱ्या प्रत्येकाला पाठ होतो. उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत आमच्यापासून जवळ असल्यामुळे तिथल्या एका फॅब्रिकेटरकडूनच पेटी करून घ्यायचे ठरवले. अठरा गेजचा पत्रा, सुमारे दीड फूट रुंदी, सव्वा फूट खोली आणि अडीच फूट उंची. वर पुढे ओढायचे झाकण आहे. ते उघडले की पार्सल ठेवण्यापुरती एक तिरकी फळी पुढे येते आणि झाकण लोटले की तीच फळी मागे फिरून पार्सल खाली सोडते. झाकण उघडे असताना ती फळी खालचा कप्पा पूर्ण झाकते, त्यामुळे हात घालून किंवा तारेचा आकडा सोडून खालचे काही वर काढता येत नाही. खालच्या दाराला साधे किल्लीचे कुलूप आहे. टाकणाऱ्याला किल्ली लागत नाही, क्रमांक लागत नाही, फोन लागत नाही. माझ्या मते सगळे यश या एका गोष्टीत आहे.

पेटी कंपाउंडच्या भिंतीला आतून चार अँकर बोल्टांनी पक्की केली आहे आणि तिचे वरचे झाकण गेटबाहेरून हात पोचेल अशा उंचीवर आहे. झाकणावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ‘पार्सल इथे टाका’ असे रंगवून घेतले. सुरुवातीला तरीही पार्सल आणणारी मुले बेल वाजवत, वाट पाहत आणि शेवटी पार्सल पेटीच्या शेजारी भिंतीवर ठेवून जात. ही सवय मोडायला पावसाळा लागला. पार्सल भिजले तर बोलणी कोण खाणार, हे लक्षात आल्यावर पेटीचा वापर आपोआप सुरू झाला. आमच्या रस्त्यावर नेहमी येणारा एक मुलगा आता बेलच्या नादाला लागत नाही, “वैनी, पेटीत टाकलंय बघा, झाकण लावलंय” एवढा निरोप पाठवतो आणि पुढे जातो. त्याच्या दृष्टीनेही हे सोयीचे आहे, कारण घर बंद म्हणून पार्सल परत नेले की ती फेरी त्याच्या हिशेबात फुकट जाते.

पेटी बसल्यापासून आतले काहीही चोरीला गेलेले नाही. तरीही तिचा सर्वांत मोठा उपयोग मला निराळ्याच प्रसंगी कळला. दिवाळीच्या आधी एका विक्रेत्याकडून मागवलेली इस्त्री ‘पोच झाली’ असा संदेश दुपारी आला, पण संध्याकाळी पेटी रिकामी होती. पूर्वी अशा वेळी चोरी झाली असेच आम्ही समजलो असतो. या वेळी कॅमेऱ्याचे चित्रण काढून पाहिले, तर संदेशाच्या वेळी आमच्या गेटसमोर एक गाय आणि भाजीची गाडी याखेरीज कोणी थांबलेले नव्हते. ॲपमध्ये पुरावा म्हणून जोडलेला फोटो मोठा करून पाहिला, तर पार्सलामागे निळे गेट आणि तुळशीवृंदावन दिसत होते. आमचे गेट काळे आहे आणि तुळस मागच्या अंगणात आहे. भाग्यनगरातल्या क्रॉसना, म्हणजे आडव्या गल्ल्यांना, क्रमांक आहेत आणि घरांचे क्रमांक क्रॉसगणिक तेच तेच येतात, त्यामुळे क्रॉसचा आकडा वाचायचा राहिला की पार्सल दुसऱ्याच गल्लीत जाते. चित्रणाचा तुकडा, रिकाम्या पेटीचा फोटो आणि त्यांच्याच फोटोतले निळे गेट अशा तीन गोष्टी तक्रारीला जोडल्यावर प्रश्नोत्तरांचा घोळ न होता पैसे परत मिळाले. इस्त्री नंतर पलीकडच्या क्रॉसमध्ये सापडली आणि ती मी रीतसर परत पाठवली. त्या घरच्या आजी ती घेऊन कोणाची असेल म्हणून वाट पाहत बसल्या होत्या.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, दारातून पार्सल ‘गेले’ असे आपण ज्याला म्हणतो त्यात खरी चोरी किती आणि चुकीच्या दारात पडलेले किंवा न देताच ‘दिले’ म्हणून नोंदलेले किती, हे ठरवायला घरातल्या माणसाजवळ काही साधनच नसते. पेटी ते साधन देते. ती एकच ठरलेली जागा असल्यामुळे पार्सल तिथे आहे किंवा आलेलेच नाही, इतका स्पष्ट निकाल लागतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्री करणाऱ्या ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. त्या मुदतीत काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठलाही असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दावा करता येतो. मात्र या प्रत्येक पायरीवर कागद मागितला जातो, आणि व्हरांड्यात पार्सले ठेवण्याच्या काळात तो कागद आमच्याजवळ नव्हता.

ओटीपीच्या पार्सलांचे काय करायचे, हा सर्वांत अवघड भाग होता. महागड्या वस्तूंना दारात ओटीपी सांगावा लागतो आणि त्या वेळी मी कामावर असते. यासाठी घरात एक नियम केला आहे. पार्सल आणणारा मुलगा फोन करतो, मी कॅमेऱ्याचे ॲप उघडते, तो गेटसमोर पार्सल हातात घेऊन उभा दिसला पाहिजे. त्याने ते झाकणात ठेवून झाकण लोटले आणि पार्सल खाली पडल्याचा धप्प आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर ऐकू आला की मगच आकडे सांगायचे. कॅमेऱ्यात माणूस दिसत नसेल तर फोनवर कितीही घाई झाली तरी ओटीपी सांगायचा नाही. ‘ऑर्डर रद्द करायची आहे, ओटीपी सांगा’ म्हणून येणारे फोन सासूबाईंनाही आले आहेत, आणि तिथे ‘कॅमेऱ्यात दिसत नाही, ठेवा’ हे उत्तर फार कामाचे ठरते. दारात रोख पैसे देऊन घ्यायच्या पार्सलांना मात्र पेटीचा उपयोग नाही. ती मागवणे आम्ही बंद केले.

आता दोष. पावडर कोटिंग झाल्यानंतर फॅब्रिकेटरने बोल्टांची भोके पाडली, आणि जुलैच्या झडीत नेमकी त्या भोकांच्या कडांनी गंजाला सुरुवात झाली. भोके आधी आणि रंग नंतर, हा क्रम करून घेणाऱ्याने आग्रहाने सांगावा. झाकणाच्या सांध्यातून पाणी झिरपत होते. पुढे पत्र्याची वाकवलेली कड डकवल्यावर आणि तळाला बारीक छिद्रे पाडून वर प्लास्टिकची जाळी ठेवल्यावर ते थांबले. दुपारच्या उन्हात पेटी चांगलीच तापते, म्हणून सासूबाईंचे इन्सुलिन आम्ही औषधाच्या दुकानातूनच आणतो. दिवाळीत एकाच दिवशी दोन मोठी खोकी आली तेव्हा दुसरे खाली पडेना आणि ते झाकणाच्या वर उघड्यावर राहिले. अडीच फूट उंची चार माणसांच्या घराला सणासुदीत अपुरी आहे.

कॅमेऱ्याबद्दल माझे मत पेटीइतके चांगले नाही. वीज गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की फोनवर काही दिसत नाही. पावसाळ्यात वीज जाणे आपल्याकडे नवे नाही, त्यामुळे राउटरला छोटा यूपीएस जोडावा लागला. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात पावसाचे थेंब आणि भिंगासमोर जाळे विणणारा कोळी यांनाही तो माणूस समजतो आणि फोन वाजत राहतो. शेवटी रात्रीच्या सूचना बंद केल्या. समोरच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारले, “आमच्या दारात कोण येतंय जातंय ते तुमच्या फोनात दिसतंय काय वो?” प्रश्न अगदी रास्त होता. कॅमेऱ्याचा रोख खाली वळवून फक्त पेटी आणि गेटचा पट्टा दिसेल असे केले आणि त्यांना घरी बोलावून फोनवर दाखवले.

पत्त्याचा त्रास पेटीने सुटत नाही, हेही नमूद करायला हवे. डाक विभागाने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन, म्हणजे सुमारे चार मीटर बाय चार मीटर जागेला मिळणारा दहा अक्षरी संकेत, मी हौसेने काढून पत्त्यात जोडला आहे. आजवर एकाही खासगी कुरियरच्या मुलाने तो वापरलेला मला दिसला नाही. त्याहून ‘काळे गेट, लाल पेटी’ हे चार शब्दांचे वर्णन जास्त उपयोगी पडते.

अशी पेटी सगळीकडे लागेलच असे नाही. खानापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरी कुरियरवाला घरापर्यंत येतच नाही. पार्सले फाट्यावरच्या किराणा दुकानात ठेवली जातात आणि दुकानदार गावातल्या माणसाबरोबर निरोप धाडतो. तिथे चोरी नाही, फक्त तुमच्या खोक्यात काय आले हे तुमच्याआधी अर्ध्या गावाला कळते. निपाणीला भावाच्या अपार्टमेंटमध्ये वॉचमन वहीत नोंद करून घेतो, त्यामुळे त्यालाही गरज नाही. ज्यांना कंपाउंड आहे, दुपारी घर बंद असते आणि महिन्याला बऱ्यापैकी पार्सले येतात, त्यांना पेटी नक्की करून घ्यावी असे मी सांगेन. कॅमेऱ्याचे पैसे एकदम जमत नसतील तर तो नंतर लावला तरी चालेल.

प्रश्न उरतो तो शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांतल्या घरांचा, जिथे उंबरा थेट रस्त्यावर आहे आणि पेटी अडकवायला स्वतःची भिंतच नाही. दिरांचे घर तसेच आहे. दाराच्या बाजूच्या खिडकीचे खालचे गज काढून तिथे पेटी आतल्या बाजूला बसवायची आणि फक्त झाकण बाहेर ठेवायचे, असे त्याच फॅब्रिकेटरने सुचवले असून, या वेळी उंची साडेतीन फूट धरायची आणि भोके आधी पाडायची असे त्याच्याकडून कागदावर लिहून घेतले आहे.